मायक्रोकंट्रोलरवर सॉफ्टवेअरचं लॉक बनवतोय. कुठे फुटेल ते सांगा

भट्टीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा भागीदार कोल्हापुरात फाउंड्रीवाल्यांसाठी एक सॉफ्टवेअर विकतो. या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात: इंडक्शन भट्टीत भंगार, पिग आयर्न आणि परतीचा माल (रनर-रायझर) किती घ्यायचा, स्पेक्ट्रोचं (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग आल्यावर फेरोसिलिकॉन, फेरोमँगनीज, कार्बुरायझर (कार्बन वाढवणारा माल) किती किलो टाकायचं, आणि हे सगळं कमीत कमी पैशात कसं बसवायचं, याचा हिशोब ते करतं. पूर्वी हे गणित मेल्टरच्या (भट्टी चालवणाऱ्याच्या) डोक्यात नाहीतर भट्टीशेजारच्या फळ्यावर खडूने व्हायचं. बऱ्याच ठिकाणी अजून होतं.

आतापर्यंत साधी सीरियल की होती. हार्ड डिस्कचा नंबर घ्यायचा, त्यावरून की काढून द्यायची. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित या औद्योगिक वसाहती मिळून आम्ही विकल्या त्याहून जास्त प्रती चालू आहेत हे फोन यायला लागले तेव्हा कळलं. ज्यांना कधी विकलंच नाही ते विचारत होते, "नवीन अपडेट कधी देताय?"

ऑनलाइन ऍक्टिव्हेशन जमत नाही. भट्टीजवळचा पीसी नेटला जोडलेला नसतो आणि तो तसाच राहावा अशी मालकांची इच्छा असते. तयार डोंगल (पीसीला लावायची लॉकं) मिळतात, पण आमच्या सॉफ्टवेअरची किंमत आणि वर्षाला जाणारे नग बघता हिशोब अंगाशी येतो. शिवाय मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सवाला, त्यामुळे हाताला खाज आहेच.

तर आराखडा असा. 'ब्लू पिल' या स्वस्त बोर्डावर असतो तो मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक), एसटीएम३२एफ१०३. यूएसबी एचआयडी (माऊस-कीबोर्डच्या जातीचं उपकरण) म्हणून ओळख करून देणार, म्हणजे विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सॉफ्टवेअर रँडम १६ बाइट पाठवणार. चिप आतल्या गुप्त कीने, एईएस-१२८ या पद्धतीने, ते एन्क्रिप्ट करून परत पाठवणार. सॉफ्टवेअरकडे तीच की आहे, ते ताडून बघणार. जुळलं तर पुढे, नाही तर बंद. चिपला रीडआउट प्रोटेक्शन (आतलं बाहेरून वाचू न देणारं कुलूप) लावणार म्हणजे की बाहेर काढता येणार नाही.

चिप बरोबर आहे का? एईएस पुरेल का, की इलिप्टिक कर्व्ह (खाजगी आणि सार्वजनिक अशा दोन की) वगैरे करू? आणि ही तपासणी किती वेळाने करावी?

---

सोल्डरसम्राट

चिपबद्दल बोलतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट, ब्लू पिलवर एफ१०३ छापलंय म्हणजे आत ती मूळ बनवणाऱ्या एसटी कंपनीचीच चिप आहे असं समजू नका. पुण्यात टापकीर गल्लीत घ्या नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, स्वस्त बोर्डांवर क्लोन (नकली चिप) सर्रास निघतात. क्लोन चालतात झकास, पण त्यांची कुलपं आणखी कच्ची.

दुसरी गोष्ट, खरी एसटीची असली तरी एफ१ मालिकेचं रीडआउट प्रोटेक्शन आता संरक्षणात धरू नका. २०२० मध्ये योहानेस ओबरमायर आणि मार्क शिंक या जर्मन संशोधकांनी ते फोडायची रीत जाहीर केली. रीत ऐकून हसू येतं. डीबगर (चिपच्या आत डोकावायचं साधन) जोडला की फ्लॅश (चिपची कायमची मेमरी) वाचायला बंदी होते. पण इंटरप्ट (हातातलं काम थांबवायचा इशारा) आला की कुठे जायचं तो पत्ता प्रोसेसर स्वतः फ्लॅशमधूनच उचलतो, त्याला बंदी नाही. मग व्हेक्टर टेबल (त्या पत्त्यांची यादी) हवं तिथे सरकवायचं, इंटरप्ट उडवायचा आणि प्रोसेसरने कुठे उडी मारली ते वाचायचं. असं करत करत बहुतांश फ्लॅश बाहेर. लेझर नाही, मायक्रोस्कोप नाही, एक साधा डीबग अडॅप्टर पुरतो.

मायक्रोचिप कंपनीचा पिक (पीआयसी) वापरून बघू म्हणाल तर त्याचाही इतिहास आहे. २००७ मध्ये हार्डवेअर उघडून अभ्यासणाऱ्या 'बनी' ह्वांगने पीआयसी१८एफ१३२० उघडला. प्रोटेक्शनच्या फ्यूजवर (ते चालू की बंद हे ठरवणाऱ्या बिटांवर) कंपनीने धातूचं झाकण ठेवलं होतं, वरून अतिनील प्रकाश पडू नये म्हणून. याने चिप तिरकी धरली, प्रकाश आत परावर्तित होऊन झाकणाखाली गेला, फ्यूज पुसले गेले. प्रोग्रॅम पुसला जाऊ नये म्हणून त्यावर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी. झालं काम.

रास्पबेरी पायचा आरपी२०४० तर विचारातच घेऊ नका, त्याची फ्लॅश चिपच्या बाहेर वेगळी असते, कुणीही वाचावी. नवा आरपी२३५० त्या मानाने बराच पुढचा आहे. कंपनीनेच २०२४ मध्ये फोडून दाखवा म्हणून बक्षीस लावलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये एकापेक्षा जास्त विजेते जाहीर करावे लागले. तरी मला त्यांचं कौतुक वाटतं, स्वतःहून फोडायला देणारे कमी.

की लपवणं एवढंच काम असेल तर मायक्रोचिपचा एटीईसीसी६०८ बघा. आयटूसीवर (दोन वायरींच्या जोडणीवर) बसतो, खाजगी की आतच तयार होते आणि बाहेर येतच नाही, फक्त सही करून देतो. किरकोळीत घेतला तरी परवडतो.

---

मनमौजी_मिरजकर

वाखू (वाचनखूण) साठवली. समजलं काही नाही, पण चिकटपट्टीचं आवडलं.

---

उलटतपासणी

भट्टीवाले साहेब, तुम्ही सगळे चिपभोवती फिरताय. चोर तिकडे येणारच नाही.

तुमच्या आराखड्यात एईएसची की सॉफ्टवेअरमध्येही आहे. म्हणजे चिपला हात लावायची गरजच काय? एक्झीमधून (प्रोग्रॅमच्या फाइलमधून) की काढली, कुठल्याही दुसऱ्या बोर्डात घातली, झालं तुमचं लॉक तयार. सोल्डरसम्राट म्हणतात तसा एटीईसीसी घातला आणि सॉफ्टवेअरमध्ये फक्त सार्वजनिक की ठेवली तर हे दार बंद होतं. पण पुढचं उघडंच राहतं.

सॉफ्टवेअरमध्ये शेवटी कुठेतरी "उत्तर जुळलं का?" असा एक प्रश्न आहे. एक्स८६ मध्ये (पीसीच्या प्रोसेसरच्या भाषेत) त्याचं रूप म्हणजे 'शून्य असेल तर उडी मार', कोड ७४. त्याच्या जागी ७५ लिहिलं की अर्थ उलटतो. एक बाइट. मग लॉक लावलेला माणूस अडतो आणि न लावलेला आत जातो. त्या बाइटपर्यंत पोचायला एक्स६४डीबीजी आणि घिड्रा ही प्रोग्रॅम उलगडायची साधनं फुकट आहेत. घिड्रा तर अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये स्वतःच सर्वांसाठी खुला केला. आणि तुमचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या .नेटमध्ये असेल (अंदाज आहे, पण असेलच) तर डीएनस्पायमध्ये उघडल्यावर जवळपास तुमचा मूळ कोड दिसतो. तिथेच बदला, तिथेच सेव्ह करा. हे काम अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातला पोरगा जेवणाच्या सुट्टीत करतो.

तपासणी किती वेळाने करावी या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं. पन्नास ठिकाणी करा, पन्नास बाइट बदलतील. त्या पन्नास ठिकाणांहून एकच फंक्शन बोलावत असाल तर तेही नाही, फंक्शनच "होय" म्हणायला लावायचं.

आणि रँडम १६ बाइट म्हणताय ते सॉफ्टवेअरच तयार करणार ना? तो रँडम जनरेटर पॅच करून (कोड बदलून) कायम एकच आकडा द्यायला लावला की एकदा नोंदलेलं उत्तर जन्मभर चालतं. लॉक आणि पीसीमधलं बोलणं टिपायला यूएसबीपीकॅप आहे, तेही फुकट.

---

भट्टीवाला

अंदाज बरोबर, .नेटच आहे. कोड ऑबफस्केट केला (मुद्दाम वाचायला अवघड केला) तर?

---

उलटतपासणी

वेळ वाढतो, निकाल बदलत नाही. करा, फुकटचं मिळत असेल तर जरूर करा, पण त्यावर विसंबू नका.

मुद्दा असा की लॉकने "होय/नाही" सांगायचंच नाही. तुमच्या सॉफ्टवेअरचं एखादं खरं काम लॉकच्या आत व्हायला हवं. पीसीला उत्तर ठाऊकच नसेल तर ताडून काय बघणार आणि पॅच काय करणार? तुमच्या हिशोबात असा कुठला तुकडा आहे, जो छोटा आहे, पण त्याशिवाय बाकीच्याला किंमत नाही?

---

भट्टीवाला

हा प्रश्न कालपासून डोक्यात घोळतोय. सगळ्यांना कळावं म्हणून उदाहरण देतो.

भट्टी ५०० किलोची. स्पेक्ट्रोत सिलिकॉन ०.२० टक्के कमी आलं. म्हणजे निव्वळ १ किलो सिलिकॉन पाहिजे. फेरोसिलिकॉनमध्ये सिलिकॉन ७५ टक्के, आणि टाकलेल्यापैकी धातूत उतरतं समजा ९० टक्के, बाकी स्लॅगमध्ये जातं. तर १ भागिले (०.७५ गुणिले ०.९०), म्हणजे साधारण १.४८ किलो टाकायचं. हा जो ९० टक्के आहे त्याला रिकव्हरी म्हणतात. पुस्तकात तो एक आकडा असतो. भट्टीवर तो तापमानावर, कधी टाकलं त्यावर, स्लॅग किती आहे त्यावर, मालाच्या लॉटवर आणि (हे कुठे लिहिलेलं नसतं) मेल्टर कोण आहे त्यावर बदलतो. कार्बुरायझरचं तर विचारूच नका, तो सिलिकॉनच्या आधी टाकला की वेगळा उतरतो, नंतर टाकला की वेगळा.

तर रिकव्हरीचं टेबल चिपमध्ये ठेवलं आणि पीसीने फक्त "कमतरता अशी, वजन असं, ग्रेड एफजी २६०" एवढं विचारायचं, चिपने किलो सांगायचे. असं?

---

शून्याधारित

दिशा बरोबर, पण एवढ्याने भागणार नाही. तुमचं सूत्र सरळ रेषेतलं आहे. मी ५०० किलो आणि ०.२० टक्के विचारलं, १.४८ आलं. भागाकार केला, रिकव्हरी कळली. प्रत्येक मालाला एकेक प्रश्न विचारला की आख्खं टेबल माझ्या वहीत. चिप सोल्डरसुद्धा न काढता. मग तेच टेबल घातलेली नकली डीएलएल (सॉफ्टवेअर ज्यातून लॉकशी बोलतं ती फाइल) बनवायची, जी लॉकऐवजी उत्तरं देईल.

जुन्या डोंगलांचंही असंच व्हायचं. आतलं गणित छोटं असायचं, प्रश्न ठरलेले असायचे, लोक उत्तरांचं टेबल उतरवून घ्यायचे आणि एम्युलेटर (लॉकची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बनवायचे.

चिपमध्ये जाणारी गोष्ट आजच्या प्रश्नाबरोबर कालच्या स्थितीवरही अवलंबून असली पाहिजे.

---

भट्टीवाला

शून्याधारित, हे वाचल्यावर भागीदाराला फोन लावला. कारण ही गोष्ट आमच्याकडे आधीच आहे!

गेल्या वर्षीपासून सॉफ्टवेअर शिकतं. हीट (भट्टीची एक खेप) झाली, ऍडिशन केली (कमी पडलेला माल टाकला), दुसरं सॅम्पल स्पेक्ट्रोवर गेलं, की प्रत्यक्षात किती उतरलं ते कळतं. त्यावरून त्या भट्टीचे, त्या मालाचे गुणांक थोडे थोडे सरकतात. दोन-तीन महिन्यांनी आकडे इतके बसतात की दुसऱ्यांदा ऍडिशन करायची वेळ क्वचित येते. गिऱ्हाईक पैसे देतं ते यासाठीच. हे शिकणं चिपच्या आत नेलं तर? प्रत्येक हीटनंतर चिप स्वतःचे गुणांक बदलेल. आज उतरवून घेतलेलं टेबल पुढच्या महिन्यात, लॉट बदलला की, शिळं.

---

सोल्डरसम्राट

हे मस्त आहे. फक्त फ्लॅशचं गणित करा आधी. एफ१०३ ची फ्लॅश १०,००० वेळा पुसायची हमी देते. दिवसाला २० हीट, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ६,००० वेळा लिहिणं. दर वेळी तेच पान पुसून लिहिलंत तर दोन वर्षं व्हायच्या आत हमी संपली. पण पान १ केबीचं आहे आणि तुमची नोंद ३२ बाइटमध्ये बसत असेल तर एका पानात ३२ नोंदी एकामागे एक लिहायच्या, भरलं की मगच पुसायचं. ३,२०,००० नोंदी झाल्या. दोन पानं आलटून पालटून वापरा, म्हणजे लिहिता लिहिता कुणी लॉक उपटलं तरी जुनी नोंद शाबूत. आणि उपटणारच, फाउंड्रीत मोबाइल चार्ज करायला जागा लागते.

चिप बदलणार असाल तर एसटीएम३२एल४३२ बघा. यूएसबीला बाहेरचा क्रिस्टल लागत नाही, त्यामुळे बोर्ड लहान होतो. फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअरमध्ये आहे, पान २ केबीचं. आणि त्याला रीडआउट प्रोटेक्शनची दुसरी पायरी आहे, ती लावली की डीबग पोर्ट कायमचा बंद. कायमचा म्हणजे तुम्हालासुद्धा. फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) बदलायचं असेल तर तुमचा स्वतःचा, सही तपासणारा बूटलोडर (नवं फर्मवेअर भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) आधी आत असला पाहिजे. ही दुसरी पायरीही अभेद्य नाही बरं का. डिसेंबर २०१८ मध्ये ट्रेझर या बिटकॉइन वॉलेटमधल्या एसटीएम३२एफ२०५ वर व्होल्टेजचा झटका देऊन ती खाली उतरवून दाखवली होती. पण त्यासाठी कुणाला तरी महिनाभर बसावं लागेल, आणि तो महिना शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या फेरोसिलिकॉनसाठी कोण घालवतो?

---

मोल्डिंगशॉप

मी तुमच्या पलीकडच्या बाजूचा. फाउंड्री आहे, लहान आहे, पण आहे. (तुमचं सॉफ्टवेअर नाही वापरत, त्यामुळे नजर चुकवायचं कारण नाही. हलके घ्या.)

दोन गोष्टी खटकल्या.

एक: रात्री दोनला भट्टीत १,५०० अंशाला धातू आहे आणि लॉक मेलं. सॉफ्टवेअर म्हणणार "लॉक सापडले नाही". मेल्टर काय करेल? तुम्हाला फोन करेल, तुम्ही झोपलेले. धातू धरून ठेवायचा म्हणजे वीज जळते, लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर) खाल्लं जातं आणि कार्बनही जातो. असं एकदा झालं की ते लॉक तुमच्या तोंडावर फेकतील आणि फळा-खडू परत येईल.

दोन: गुणांक शिकले कुणाच्या हीटवर? माझ्या. वीज माझी, माल माझा, मेल्टरचा पगार माझा. आणि ते अडकून बसणार तुमच्या चिपमध्ये. उद्या तुमचं दुकान बंद झालं तर माझी दोन वर्षांची माहिती गेली. याला लॉक म्हणत नाहीत, ओलीस म्हणतात.

---

अक्षरजुळणी

मोल्डिंगशॉप यांच्या पहिल्या मुद्द्याला जोरात अनुमोदन. आम्ही डीटीपीवाले. युनिकोडच्या आधी मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर लॉक यायचं, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचं आणि त्याच्या मागे प्रिंटरची वायर. काही मशीनवर प्रिंटर बंद असला की लॉक सापडायचं नाही. दिवाळी अंकाच्या तोंडावर ऑफिसात माणसं चार आणि लॉक एक. आमचे मालक रात्री लॉक काढून घरी न्यायचे. एकदा ते लग्नाला नागपूरला गेले, लॉक खिशात.

गंमत म्हणजे ज्यांच्याकडे फोडलेली प्रत होती त्यांना यातला कुठलाच त्रास नव्हता.

---

परदेशी_पाटील

इथे जर्मनीत मशीन टूलच्या कंपनीत आहे, रोज डोंगल हाताळतो. थोडा इतिहास, कारण घरी बनवावं की विकत घ्यावं या प्रश्नाशी तो जोडलेला आहे.

तयार डोंगलांपैकी हास्प हे इस्रायलच्या अलादीन कंपनीचं, सेंटिनल अमेरिकेतल्या रेनबोचं. पुढे दोन्ही सेफनेटकडे गेले, सेफनेट २०१५ मध्ये जेमाल्टोकडे आणि जेमाल्टो २०१९ मध्ये थालेसकडे. इथल्या कार्ल्सरूहच्या विबू-सिस्टिम्सचं कोडमीटर मात्र अजून त्यांचंच आहे. सांगायचा मुद्दा, विकत घेतलेल्या लॉकचा मालक बदलत राहतो आणि जुन्या लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेल का याची चिंता तुमच्या डोक्यावर. त्यामुळे एचआयडीचा निर्णय मला आवडला. कारखान्यांत पेन ड्राइव्ह बंद केलेले असतात, पण एचआयडी बहुधा चालतं, नाहीतर माऊसही बंद पडेल.

मोठ्या कंपन्यांच्या लॉकबरोबर एक सेवा पीसीवर कायम चालू राहते, नेटवर्कवरून लायसन्स वाटता यावं म्हणून. २०१८ मध्ये कॅस्परस्कीने हास्पच्या त्या सेवेतल्या १४ त्रुटी जाहीर केल्या होत्या. ती सेवा १९४७ नंबरचा पोर्ट उघडून बसते (आपल्याला लक्षात ठेवायला सोपा). चोराला अडवायला बसवलेली गोष्ट, आणि तिच्यातूनच कारखान्याच्या पीसीत शिरायला वाट. तुमच्या घरगुती लॉकला असली सेवा लागत नाही. ती जोडायचा मोह नंतरही टाळा.

एक खर्च मात्र विसरू नका. यूएसबीचा व्हेंडर आयडी (उपकरण कुणाचं ते सांगणारा नंबर) स्वतःचा घ्यायचा तर ६,००० डॉलर. पीआयडी.कोड्स या साइटवर प्रॉडक्ट आयडी फुकट मिळतो, पण मुक्त स्रोत प्रकल्पांना. चिप बनवणाऱ्या काही कंपन्या, उदाहरणार्थ मायक्रोचिप, त्यांच्या आयडीखाली तुम्हाला प्रॉडक्ट आयडी देतात, अर्थात त्यांची चिप वापरत असाल तर. कुणाचातरी उचलून लावू नका. पायरसी थांबवायला बनवलेलं यंत्र चोरीच्या नंबरवर फिरतंय हे बरं दिसत नाही.

---

कलमबहाद्दर

कायद्याचा कोपरा मी धरतो. कॉपीराइट ऍक्ट १९५७, कलम ६३बी: नकली प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद, आणि दंड ५०,००० ते २ लाख. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण फाउंड्री हा धंदाच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं: हक्कभंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूने' हा शब्द महत्त्वाचा. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रणेशी जुळवण्यासाठी किंवा त्याचा अभ्यास करण्यासाठी उघडून पाहायला कलम ५२ मध्ये सवलती आहेत. म्हणजे तुमचं लॉक अभ्यासणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही.

मोल्डिंगशॉप यांच्या ओलीसाच्या मुद्द्याला अमेरिकेत २००३ मध्येच उत्तर मिळालं होतं. डोंगल बिघडलं, आणि ते आता मिळतच नसेल, तर सॉफ्टवेअरचं कुलूप ओलांडायला तिथे सूट दिली गेली, पुढेही ती काही वर्षं चालू राहिली. आपल्याकडे अशी नेमकी तरतूद नाही. तेव्हा विक्रीच्या करारातच लिहून द्या: आम्ही सेवा बंद केली तर अमुक दिवसांत बिनलॉकची प्रत देऊ.

---

बिनकुलपाचा

माझं मत विरुद्ध आहे. ज्यांनी फोन करून अपडेट मागितलं ते तुमचे गिऱ्हाईकच आहेत, फक्त बिल फाडायचं राहिलंय. त्यांना वार्षिक मेन्टेनन्स विका. लॉक बनवण्यात, बिघडलेलं बदलण्यात, कुरिअर करण्यात जो वेळ जाईल तेवढ्यात दोन नव्या फाउंड्री जोडून होतील.

---

भट्टीवाला

बिनकुलपाचा, तो फोनचा मार्ग वापरून झाला. काहींनी पैसे दिले. बाकीच्यांचं म्हणणं, "शेजारच्याला फुकट मिळतंय, मी का देऊ?" यात शेजारचा मुख्य आहे, मी नाही.

बाकी सगळ्यांचं वाचून आराखडा पार बदलला. मोल्डिंगशॉपनी जो रात्री दोनचा प्रश्न विचारला त्यातून वाट सापडली, त्यांचे खास आभार.

सॉफ्टवेअर आता लॉक तपासणारच नाही. लॉक नसेल तर ते पुस्तकी रिकव्हरी धरून हिशोब देईल, वर लिहून की हे पुस्तकी आकडे आहेत. चार्ज मिक्स निघेल, रिपोर्ट छापला जाईल, भट्टी अडणार नाही. लॉक लावलं की त्या भट्टीचे शिकलेले गुणांक वापरून उत्तर मिळेल. म्हणजे उलटतपासणी म्हणतात ती ७४-७५ ची उडी कोडमध्ये उरतच नाही. पॅच करून काय मिळवणार, जे फुकट देतोय तेच! ती बिनलॉकची प्रत आता आम्ही स्वतःच पेन ड्राइव्हवर वाटणार आहोत, डेमो म्हणून.

डेटाचं: हीट रजिस्टर, सगळी स्पेक्ट्रो रीडिंग, केलेल्या ऍडिशन, हे कायम उघड्या एक्सेलमध्ये निघेल, लॉक असो वा नसो. ते फाउंड्रीचं आहे. त्यावरून गुणांक काढायची आमची रीत तेवढी चिपमध्ये. कुणी तोच डेटा घेऊन स्वतः रिग्रेशन चालवलं तर चालवो, त्याला सॉफ्टवेअर विकायची गरज नाही, नोकरी द्यायला पाहिजे. आणि कलमबहाद्दरांचा मुद्दा करारात घालतोय.

चिप एल४३२, प्रोटेक्शनची दुसरी पायरी. प्रत्येक लॉकची की वेगळी: ऑफिसातली मास्टर की आणि चिपचा ९६ बिटांचा जन्मजात क्रमांक, यांचा एचएमएसी (दोन्हींवरून काढलेला, उलट न फिरणारा आकडा). एक फुटलं तर एकच फुटेल. एटीईसीसी तूर्त घालत नाही, कारण लपवायची गोष्ट आता कीपेक्षा रीत आहे आणि ती एटीईसीसीमध्ये मावत नाही.

---

उलटतपासणी

आता बरं वाटलं. तरी एक सांगतो: लॉकची जोडणी ज्या डीएलएलमध्ये आहे ती बदलून कुणी यूएसबी नेटवर्कवरून वाटू शकतो, म्हणजे एक लॉक आणि तीन फाउंड्री. तुमच्या बाबतीत मात्र तीन भट्ट्यांच्या हीट एकाच लॉकमध्ये गेल्या तर गुणांक तिघांचेही बिघडतील. चोराला स्वतःच्याच धातूत शिक्षा. हे ठरवून केलंत की आपोआप झालं?

---

भट्टीवाला

आपोआप. पण गिऱ्हाईकांना ठरवून केलंय म्हणूनच सांगणार.

---

मोल्डिंगशॉप

हे मान्य. डेमोची प्रत पाठवा, बघतो.

एक शंका उरते. लॉक मेलं तर शिकलेलं सगळं गेलं ना? नवीन लॉक परत दोन-तीन महिने शिकत बसणार?

---

भट्टीवाला

नाही. दर हीटनंतर चिप गुणांकांची एन्क्रिप्ट केलेली प्रत पीसीवर ठेवते. ती फाइल आणि मेलेलं लॉक आमच्याकडे आणायचं, मास्टर कीवरून त्या लॉकची की परत काढता येते, नव्या लॉकमध्ये भरून देतो. तोवर पुस्तकी आकड्यांवर भट्टी चालू. पाकीट म्हणून सध्या पीसीबी सरळ इपॉक्सीत बुडवतोय, लोखंडाची धूळ यूएसबीच्या टोकापर्यंत पोचते, आत तरी जायला नको.

---

सोल्डरसम्राट

मेलेलं लॉक आणलं तर ठीक. "हरवलं" म्हणून रिकाम्या हाताने येणाऱ्याचं काय? तो एक घेऊन जाईल आणि जुनं साडूच्या फाउंड्रीत चालू असेल. हरवलेल्याला पूर्ण किंमत लावा, आणि त्या जुन्या लॉकचा क्रमांक पुढच्या अपडेटमध्ये घाला, म्हणजे नवं सॉफ्टवेअर त्याला विचारणारच नाही. साडू जुन्या आवृत्तीवर राहील, राहू दे. आणि ती मास्टर की ज्या पीसीवर आहे तो नेटला जोडू नका, तिची एक प्रत कागदावर छापून भागीदाराच्या घरी ठेवा. इपॉक्सी ओतायच्या आधी यूएसबीच्या डेटा लाइनवर ईएसडीचा (स्थिर विजेचा झटका अडवणारा) डायोड टाकलाय ना? कोरड्या हवेत हँड ग्लोव्ह घालून लॉक लावणाऱ्या माणसाने माझे दोन बोर्ड मारलेत.